पाण्याबरोबर येणारे पक्षी : खाडीच्या मुखावर किनारपक्ष्यांची छायाचित्रे कशी काढावीत

अलिबागच्या दक्षिणेला आक्षीच्या किनाऱ्यावर पूर्ण ओहोटीच्या वेळी उभे राहिले, तर पाण्याची कड इतकी लांब गेलेली असते की तिथे चरणारे चिखल्या आणि तुतारी हे पक्षी नुसत्या डोळ्यांना ठिपक्यांएवढे दिसतात. सहाशे मिलिमीटरची लेन्स लावली तरी त्यांची फक्त नोंद होते, छायाचित्र होत नाही. त्याच जागी तीन तासांनी परत आले, तर तेच पक्षी पंधरा-वीस पावलांवर आलेले असतात, कारण मधल्या वेळात चढत्या पाण्याने त्यांची चरण्याची पट्टी अरुंद करत करत आपल्या पायाशी आणून ठेवलेली असते. किनारपक्ष्यांच्या छायाचित्रणाचे सारे गमक या तीन तासांत आहे, असे माझे मत आहे. लेन्स कोणती घ्यावी याची चर्चा पुष्कळ होते. पाणी केव्हा आणि कुठवर चढेल याची फारशी होत नाही. म्हणून मी आधी पाण्याबद्दल लिहितो आणि कॅमेऱ्याकडे नंतर वळतो.

किनारपक्षी म्हणजे उथळ पाण्यात किंवा ओल्या चिखलात पायी चालत चोचीने अन्न शोधणारे पक्षी. चिखल्या, तुतारी, टिलवा, शेकाट्या, कालवफोड्या, गॉडविट, कर्ल्यू हे त्यांतले मुख्य, आणि त्यांच्याच शेजारी बगळे, करकोचे व रोहित पक्षीही चरत असतात. यांतले बरेचसे आपल्याकडचे हिवाळी पाहुणे आहेत. सामान्य टिलवा लडाख-काश्मीरपासून मध्य आशियापर्यंत वीण करतो, तर वाकड्या चोचीची कर्ल्यू सँडपायपर थेट उत्तर सायबेरियाच्या टुंड्रातून येते. ऑगस्टच्या अखेरीपासून त्यांचे थवे कोकणात उतरू लागतात आणि एप्रिलपर्यंत, काही मे महिन्यातही, इथे राहतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात हवा आणि ऊन दोन्ही चांगले असतात, परंतु पक्षी मात्र राखी-पांढरे, साधे दिसतात. मार्चच्या अखेरीस त्यांच्या अंगावर विणीचे रंग चढू लागतात. वाळूवरच्या चिखल्यांच्या छातीवर तांबूस पट्टा येतो आणि कर्ल्यू सँडपायपर विटेसारखी लाल होते. वर्षातून एकच आठवडा मिळणार असेल, तर उकाडा सोसून मी एप्रिलचा पहिला आठवडा निवडीन.

भरतीचे गणित

आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटे जातात, त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, म्हणजे पाणी खूप चढते आणि खूप उतरते. अष्टमी-नवमीच्या सुमारास भांगाची भरती असते आणि पाण्याची चढउतार कमी राहते. मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात कोळी बांधव पिढ्यान्‌पिढ्या एक सोपा हिशेब वापरत आले आहेत: तिथीचा आकडा पाऊणपट करावा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. हा अंदाज आहे, घड्याळ नव्हे. नेमकी वेळ आणि उंची आपल्या ठिकाणाला जवळच्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातच पाहावी, कारण गोव्यात भरतीची वेळ मुंबईपेक्षा वेगळी पडते आणि पाण्याची चढउतारही बरीच कमी असते. परंतु महिनाभर आधी कोणत्या दिवशी रजा टाकायची हे ठरवायला घरातले कालनिर्णय आणि हा पाऊणपटीचा हिशेब पुरेसा होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे पाणी सहा तास एकाच गतीने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्या तासात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोन तासांतच अर्धे पाणी वर येते. उधाणाला जिथे चार मीटर चढ असतो, तिथे या दोन तासांत दोन मीटर पाणी चढते, आणि सपाट चिखलावर याचा अर्थ पाण्याची कड डोळ्यांदेखत सरकत येते असा होतो. हेच आपले दोन तास. पक्षी या वेळात घाईघाईने चरतात, वारंवार थोडे मागे सरकतात आणि प्रत्येक सरकण्याबरोबर आपल्या जवळ येतात. आपण मात्र दुसरा तास संपण्यापूर्वीच जागेवर जाऊन स्थिर झालेले असले पाहिजे.

आता हे दोन तास कोवळ्या उन्हात यायला हवेत, आणि तिथे किनाऱ्याची दिशा महत्त्वाची ठरते. आक्षी, रेवदंडा, गोव्यातले मोरजी हे किनारे पश्चिमेकडे तोंड करून आहेत. सकाळी सूर्य जमिनीच्या बाजूने वर येतो, आपल्या पाठीशी राहतो आणि समोरच्या पक्ष्यावर सरळ पडतो. म्हणून आक्षीला चतुर्दशी आणि अमावास्या किंवा पौर्णिमा हे दिवस उत्तम, कारण पूर्ण भरती साडेदहा-अकराच्या सुमारास येते आणि पाणी वेगाने चढण्याचे तास साधारण साडेसहा ते नऊ या वेळात पडतात. शिवडीचा चिखलपट्टा नेमका उलट आहे. तो मुंबईच्या पूर्व अंगाला असल्यामुळे सकाळी सूर्य समोरून डोळ्यांत येतो आणि दुपारनंतर पाठीशी जातो. भांडुपच्या बाजूने ठाणे खाडी पाहतानाही तसेच होते. तिथे दशमी-एकादशीची दुपार धरावी, म्हणजे साडेतीन ते साडेपाच या वेळात पाणी चढते असते आणि ऊन उतरते. खाडीच्या पलीकडच्या काठावर, ऐरोलीच्या बाजूने, पुन्हा सकाळ चांगली. ठाणे खाडीचा रोहित पक्ष्यांसाठीचा भाग २०१५ साली अभयारण्य झाला आणि २०२२ साली महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आला. ऐरोलीहून वनविभागाच्या बोटीतून पक्षी दाखवतात, तेव्हा तिथे जायचे असल्यास बोटीची वेळ भरतीशी जुळवूनच ठरवावी.

आक्षीला आणखी एक बारीक गोष्ट आहे. किनाऱ्यामागे सुरूचे बन आहे आणि हिवाळ्यात सूर्य उगवल्यावर पहिला पाऊण-एक तास त्या झाडांची लांब सावली वरच्या वाळूवर पडून राहते. नवखा माणूस सावलीत बसतो आणि उन्हातल्या पक्ष्याचे चित्र घेतो, ते चालते. पण पक्षी सावलीत शिरला की उजेडाचे सारे मोजमाप बदलते. म्हणून सावली संपते त्या रेषेच्या पुढे, उघड्या वाळूवर जागा धरावी.

जागा धरून बसणे

चालत गेलेला माणूस पक्ष्याला दुरूनच कळतो, कारण सपाट किनाऱ्यावर उभी आकृती ही त्याच्या दृष्टीने सर्वांत मोठी वस्तू असते. आडवा झालेला माणूस त्याला ओंडक्यासारखा वाटतो, निदान थोड्या वेळाने तरी वाटू लागतो. म्हणून जागेवर लवकर जावे, पोटावर झोपावे आणि हलू नये. यात कौशल्यापेक्षा सहनशक्ती अधिक लागते. वाळू थंड असते, कोपर दुखतात, कानाशी वाळूमाश्या येतात. परंतु पंधरा-वीस मिनिटे गेली की किनारा आपल्याला विसरतो.

आडवे होण्याचे दुसरे कारण चित्रातच आहे. सँडरलिंगसारख्या पक्ष्याचा डोळा वाळूपासून जेमतेम वीतभर उंचीवर असतो. उभे राहून खाली रोखलेल्या कॅमेऱ्यात पक्ष्याची पाठ येते आणि मागे पायाशीच असलेली वाळू, तिच्यावरच्या शिंपल्यांसकट, स्पष्ट दिसते. तीच लेन्स पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवर आणली, की मागची पार्श्वभूमी पन्नास-शंभर मीटरवर ढकलली जाते, तिथल्या लाटा आणि चिखल यांचा नुसता रंग उरतो आणि पक्षी त्यातून सुटून उभा राहतो. शिवाय ओली वाळू आरशासारखे काम करते: खालून उजेड परत फेकते, त्यामुळे पोटाखालची काळी सावली जाते आणि प्रतिबिंबही मिळते. माझ्या पहिल्या दोन हंगामांतली जवळजवळ सगळी छायाचित्रे मी उभ्याने किंवा गुडघ्यावर बसून काढली होती; आज त्यांतले एकही दाखवावेसे वाटत नाही.

लेन्सला टेकू देण्यासाठी तिपाई येथे फारशी उपयोगी पडत नाही. कडधान्य भरलेली कापडी पिशवी कोरड्या वाळूवर छान चालते, मात्र ओल्या चिखलात ती भिजून जड होते. त्यासाठी घरातला जुना, पसरट तवा उत्तम. तव्यात पिशवी ठेवावी, पिशवीवर लेन्स ठेवावी आणि तवा चिखलावरून बोटाने पुढे ढकलत न्यावा. त्याची उभी कड चिखल आणि पाणी आत येऊ देत नाही. मूठ काढून टाकली की तो पाठपिशवीतही मावतो.

जागा बदलणे भागच असेल, तर पक्ष्याच्या दिशेने सरळ जाऊ नये. तिरपे सरकावे, मधूनमधून थांबावे आणि पक्षी मान खाली घालून चरत असेल तेव्हाच हलावे. पक्ष्याने चरणे थांबवले, मान ताठ केली, किंवा टिलव्याने आणि चिखल्याने अंगाला झटके देत वरखाली करायला सुरुवात केली, म्हणजे आपण त्याच्या मर्यादेपाशी पोचलो आहोत. तेथे थांबावे आणि पुन्हा चरू लागेपर्यंत वाट पाहावी. टिलव्याला विशेष जपावे. खाडीतला पहिला धोक्याचा सूर बहुधा त्याचाच असतो, आणि तो ओरडत उडाला की आसपासचे वीस-पंचवीस पक्षी त्याच्यामागे उठतात. त्यानंतरची अर्धी सकाळ वाया जाते.

कॅमेऱ्याची मांडणी

चारशे ते सहाशे मिलिमीटरची लेन्स असावी, हे खरे. परंतु चढत्या पाण्याचा हिशेब जमला, तर चारशेसुद्धा पुरते. पक्षी उभा किंवा चरत असताना सेकंदाचा एक हजारावा भाग हा शटरचा वेग ठीक असतो, लाटेपुढे धावणाऱ्या सँडरलिंगला आणि उडत्या थव्याला दोन हजारावा ते तीन हजारावा भाग लागतो. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचे छिद्र, एफ ६.३ ते एफ ८ यांच्या दरम्यान ठेवावे. सकाळच्या तिरप्या उन्हात आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, ८००, एफ ७.१ आणि सोळाशेवा भाग यांपासून सुरुवात करून ऊन वाढेल तसा आयएसओ उतरवत आणावा.

प्रकाशाचे मोजमाप मी कॅमेऱ्यावर सोडत नाही, आणि किनाऱ्यावर कुणीच सोडू नये. काळसर चिखलावर छोटा बगळा उभा असेल, तर कॅमेरा चिखल पाहून चित्र उजळवतो आणि बगळ्याच्या पिसांचा पांढरा गोळा होऊन बसतो. त्याच बगळ्यामागे चमकते पाणी आले, की कॅमेरा घाबरून सारे काळे करतो. बगळा तोच, ऊन तेच, फक्त मागचे बदलले. म्हणून ऊन स्वच्छ असेल तेव्हा तिन्ही आकडे हाताने ठरवावेत. आपल्या आसपासच्या सर्वांत पांढऱ्या पक्ष्यावर एक चाचणी-चित्र घ्यावे, पांढरा भाग जळत असल्याची, म्हणजे त्यातला तपशील पुसला जात असल्याची, सूचना दिसली तर एक-तृतीयांश किंवा दोन-तृतीयांश स्टॉपने (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) कमी करावे, आणि मग ऊन बदलेपर्यंत त्या आकड्यांना हात लावू नये. ढग ये-जा करत असतील, तर शटर आणि अ‍ॅपर्चर हाताने ठरवून आयएसओ स्वयंचलित ठेवणे सोयीचे पडते.

फोकससाठी प्राण्यांचा डोळा ओळखणारी सोय असेल तर जरूर वापरावी, पण पाण्यावरच्या उन्हाच्या चमचमाटात ती कधी कधी फसते आणि लाटेच्या शिरेवर जाऊन बसते. अशा वेळी एकच बिंदू निवडून तो डोळ्यावर धरावा. आणखी एक शत्रू असा आहे की ज्याचा दोष लोक लेन्सला देतात. साडेनऊनंतर वाळू तापली, की तिच्यावरून उठणारी गरम हवा चित्र थरथरवते. फोकस बरोबर असतो, शटर जलद असते, तरी पिसे लोण्यासारखी मऊ येतात. त्यावर कोणताही उपाय नाही. तेव्हा कॅमेरा बाजूला ठेवून दुर्बिणीने पक्षी पाहावेत.

कोणाचे काय पाहावे

चांगले चित्र सवयी ओळखण्यातून येते. सँडरलिंग परतणाऱ्या लाटेच्या मागे धावते, ओल्या वाळूत चोच खुपसते आणि पुढची लाट आली की तिच्या पुढे पळत येते. तिचा पाठलाग करण्यात अर्थ नाही, कारण ती तितक्याच वेगाने किनाऱ्यालगत पुढे जाते. तिच्या वाटेवर पन्नास-साठ पावले पुढे जाऊन आडवे व्हावे. एकदा आक्षीला असाच पडलेलो असताना अकरा सँडरलिंग माझ्याकडे धावत आल्या, मी शटर दाबत राहिलो, आणि शेवटी त्यांतल्या दोघी इतक्या जवळ आल्या की लेन्सच्या किमान अंतराच्या, म्हणजे पावणेतीन मीटरच्या आत शिरल्या आणि फोकस होईना. मी कॅमेऱ्यावरून मान वर न करता नुसता श्वास धरून पडून राहिलो. त्यांच्या पायांचा वाळूवरचा बारीक टपटप आवाज मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला.

व्हिम्ब्रेल हा वाकड्या चोचीचा, कर्ल्यूहून लहान पक्षी तिवरांच्या कडेच्या चिखलात खेकडे धरतो. एक नांगी मोठी असलेले छोटे खेकडे बिळाबाहेर येतात, तेव्हा तो काही वेळ स्थिर उभा राहतो, मग दोन-तीन लांब ढांगा टाकून चोच बिळात घालतो. खेकडा बाहेर आला, की त्याला झटके देऊन नांग्या तोडतो, पुष्कळदा शेजारच्या पाण्यात बुचकळून चिखल धुतो आणि मग वर उडवून गिळतो. म्हणजे खेकडा धरल्यानंतर आपल्याला चार-पाच सेकंद मिळतात, आणि त्यांतला सर्वांत सुंदर क्षण धुतल्यावर चोचीतून पाणी निथळतानाचा असतो. पहिल्या झटक्यालाच सगळी चित्रे उडवून टाकली, तर तो हातचा जातो, कारण कॅमेऱ्याची साठवण त्या वेळी भरलेली असते.

समुद्रबगळा पांढराही असतो आणि गडद राखाडीही. एकाच खडकाजवळ दोन्ही रंगांचे बगळे मिळाले, तर मोजमाप राखाडीवर न करता पांढऱ्यावर करावे. तो मासा दिसल्यावर पंख अर्धे उघडून इकडे-तिकडे पळतो, त्यामुळे चौकटीत दोन्ही बाजूंना मोकळी जागा ठेवावी. कालवफोड्या, म्हणजे ऑयस्टरकॅचर, काळ्या-पांढऱ्या अंगाचा आणि लाल चोचीचा असल्यामुळे कोवळ्या उन्हातच त्याच्या काळ्या पिसांत तपशील येतो. ऊन चढले की तो सोडून द्यावा. शेकाट्याचे गुलाबी पाय चौकटीत पूर्ण घ्यावेत, आणि प्रतिबिंब असेल तर कॅमेरा उभा धरावा.

विसावलेले थवे

पूर्ण भरती आली की चिखल झाकला जातो आणि पक्षी उंच वाळूच्या पट्टीवर, मिठागराच्या बांधावर किंवा खडकावर एकत्र येऊन विसावतात. एका पायावर उभे, चोच पाठीच्या पिसांत घातलेली, असे शेकडो पक्षी एका रेषेत उभे असतात, आणि याच वेळी माणसाला मोह होतो. थवा उडाला तर आकाशभर पंख दिसतील, म्हणून कुणी टाळी वाजवतो, कुणी धावत जातो. हे करू नये, आणि कुणी करत असेल तर त्याला थांबवावे. हा पक्षी पुढच्या ओहोटीपर्यंत खाऊ शकत नाही; मिळालेले अन्न चरबीत साठवून त्याला एप्रिलमध्ये हजारो किलोमीटर उडायचे असते. दर उड्डाणात ती शिदोरी खर्ची पडते. एकाच सकाळी कुत्री, घोडागाड्या, वाळूवरून पळवलेल्या मोटारगाड्या आणि छायाचित्रकार अशा चौघांनी त्याला उठवले, तर त्याला विश्रांती म्हणून काही उरतच नाही. यांतल्या पहिल्या तिघांना ते कळत नसेल, आपल्याला मात्र कळते.

उडत्या थव्याची चित्रे हवी असतील, तर ती आपोआप मिळतात. भरतीच्या शेवटच्या तासात पाणी पट्टीवर चढू लागले, की थव्याचे लहान लहान गट उडून दुसऱ्या जागी उतरतात, आणि ओहोटी लागताच सगळे चरण्याच्या जागी परततात. मोरजीला शापोरा नदीच्या मुखाशी कुरव आणि सुरय यांचे थवे असेच सतत उठत-बसत असतात. वाऱ्याची दिशा पाहावी. पक्षी वाऱ्याला तोंड देऊन उतरतात, म्हणून वारा आणि सूर्य दोन्ही आपल्या पाठीकडून असले, तर उतरणारा पक्षी उन्हात उजळून समोरून येतो. ड्रोनचा मात्र विचारही करू नये. थव्याला तो शिकारी पक्ष्यासारखा वाटतो, आणि अभयारण्यात परवानगीशिवाय तो उडवता येत नाही.

मार्चनंतर टिटवी आणि वाळूवर घरटे करणारे इतर पक्षी अंड्यांवर असतात. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली, तर आपण तिच्या अंड्यांजवळ आहोत असे समजून आल्या पावली मागे फिरावे, आणि त्या जागेचा ठावठिकाणा चित्राबरोबर प्रसिद्ध करू नये.

चिखल आणि पाणी

दोन वर्षांपूर्वी रेवदंड्याला, कुंडलिकेच्या मुखाजवळ, मी एका टिलव्यावर डोळा लावून पडलो होतो. समोरचे पाणी मी पाहत होतो. मागे वाळूपट्टी आणि किनारा यांच्यामध्ये एक ओहळ होता, येताना घोट्याएवढा, तो मी विसरून गेलो होतो. पाग घेऊन उभ्या असलेल्या एका काकांनी हाक मारली, “दादा, मागं बघा, ओहोळ भरला!” उठलो तेव्हा पाणी कमरेपर्यंत होते. कॅमेरा डोक्यावर धरून त्यांच्या मागोमाग, ते दाखवतील तिथे पाय टाकत बाहेर आलो. “पाणी म्होरनं येत नाय, मागनं येतं,” एवढेच ते म्हणाले. खाडीच्या मुखावर हे अगदी खरे आहे: पाणी आधी खोलगट ओहळांतून आत शिरते आणि उंच पट्टी शेवटी बुडते, त्यामुळे आपण कोरड्या जागेवर असताना परतीची वाट बंद झालेली असते.

तेव्हापासून मी तीन गोष्टी पाळतो. जाताना ओलांडलेला प्रत्येक ओहळ किती खोल होता ते लक्षात ठेवतो, फोनवर पूर्ण भरतीच्या अडीच तास आधीचा गजर लावतो आणि गजर वाजला की पक्षी कितीही जवळ असला तरी ओहळाच्या अलीकडे येतो. अनोळखी चिखलात तर स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय उतरतच नाही. राखाडी, चकाकणारा, गुळगुळीत चिखल पाय गुडघ्यापर्यंत ओढतो. ज्यावर खेकड्यांची बिळे आणि तिवरांची वर आलेली मुळे दिसतात तो तुलनेने घट्ट असतो, परंतु त्या मुळांवर पाय देऊ नये, कारण झाड त्यांतूनच श्वास घेते. पाय रुतला तर ओढाताण न करता बसकण मारावी, वजन पसरावे आणि एकेक पाय फिरवत काढावा. तिसऱ्या (शिंपले) आणि कालवे काढणाऱ्या बायका रोज या चिखलातून चालतात. त्यांच्या पावलांची वाट मिळाली, तर तीच धरावी. त्यांची किंवा त्यांच्या कामाची चित्रे मात्र विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

परत आल्यावर

खारी हवा उपकरणे हळूहळू खाते. वातानुकूलित खोलीतून पहाटे थेट किनाऱ्यावर कॅमेरा नेला, तर लेन्सवर बाष्प धरते आणि सूर्योदयाची वीस मिनिटे पुसण्यात जातात; म्हणून रात्री पिशवी खोलीबाहेर, ओसरीवर ठेवावी. किनाऱ्यावर लेन्स बदलू नये. परतल्यावर गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ कपड्याने कॅमेरा आणि लेन्सचे बाहेरचे अंग पुसावे, नंतर कोरड्या कपड्याने, आणि वाळूचे कण आधी हवेच्या फुग्याने उडवल्याशिवाय काच कधीही पुसू नये. तव्यालाही तेल लावून ठेवावे.

चित्रे निवडताना पक्ष्यांचे पाय एकदा मोठे करून पाहावेत. कधी कधी पायात धातूची कडी किंवा अक्षरे असलेली रंगीत प्लास्टिकची पट्टी दिसते. अक्षरे वाचता आली, तर तारीख, जागा आणि मूळ चित्र बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठवावे. १८८३ पासून मुंबईत असलेली ही संस्था स्थलांतरित पक्ष्यांना कडी घालण्याचे काम करते, आणि तो पक्षी कुठे, कोणत्या वर्षी पकडला होता हे त्या दोन-तीन अक्षरांवरूनच कळते. पट्टी धूसर आली असेल, तरी तिचे रंग आणि ती कोणत्या पायात, गुडघ्याच्या वर की खाली होती, एवढे लिहून पाठवावे.